दहावी पास झाला. पण येते काय?

(जिल्हा बैठकीच्या दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून भावावर बोलणे झाले, कर्जावर झाले, विजेवर झाले. आता जेवणे झाली आहेत आणि मला विषय दिला आहे शाळेचा. शेतकऱ्यांच्या बैठकीत शाळेचे काय काम, असे काहींच्या मनात आले असेल. म्हणून आधी एक करू. ज्यांच्या घरात आठवीपासून बारावीपर्यंत शिकणारे पोर आहे त्यांनी हात वर करावा. निम्म्याहून जास्त हात वर आहेत. आता, हे पोर पुढे शेतीच करणार आणि त्याने शेतीच करावी असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी हात तसाच ठेवावा, बाकीच्यांनी खाली घ्यावा. चार हात राहिले. म्हणजे विषय आपलाच आहे.

हात खाली घेणाऱ्यांना मी दोष देत नाही. हिशेब साधा आहे. १९७०-७१ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातल्या एका खातेदाराची सरासरी जमीन होती ४.२८ हेक्टर, म्हणजे साडेदहा एकर. २०१५-१६ च्या गणनेत ती राहिली १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकर. दोन भावांत वाटली तर दीड-पावणेदोन एकर. त्यातही कोरडवाहू. इतक्या जमिनीवर दोन घरे चालत नाहीत, हे सांगायला कृषी विद्यापीठाची पदवी लागत नाही.

मग आपण काय करतो? पोराला शिकवतो. दहावी, बारावी, मग बी.ए. किंवा बी.कॉम. मग भरतीचा क्लास. तालुक्याच्या गावी खोली, खाणावळ, अभ्यासिकेची फी. एक वर्ष, दोन वर्षे, पाच वर्षे. जागा हजारांत आणि अर्ज लाखांत. कोणाचा तरी नंबर लागतो आणि त्याचा फलक चौकात लागतो. ज्यांचा लागत नाही त्यांचा फलक कोणी लावत नाही. तो पोरगा तिशीला गावात परत येतो. बापाबरोबर शेतात जायला त्याला लाज वाटते आणि दुसरे कोणतेही काम त्याला येत नाही. लग्नाचेही जमत नाही. अशी पोरे तुमच्या गावात किती आहेत, ते मनातल्या मनात मोजा. मी माझ्या गावातली मोजली आहेत.

माझ्या पदवीची गोष्ट

दुसऱ्याच्या पोराविषयी बोलण्याआधी स्वतःचे सांगतो. मी कृषी पदवीधर आहे. पदवी घेऊन नुकताच कामाला लागलो होतो, त्याला वीस-बावीस वर्षे झाली. कपाशीच्या एका शेतात मी फवारणीचे प्रात्यक्षिक ठेवले. गावातलाच एक पंप मागून आणला, औषध मोजून टाकले, व्यवस्थित फवारून दाखवले. लोकांनी माना डोलावल्या. आठ-दहा दिवसांनी निरोप आला, साहेब, या आणि कपाशी बघा. गेलो. नवी पाने अरुंद होऊन कोंबडीच्या पंजासारखी झाली होती. मी मावा शोधू लागलो, रोग शोधू लागलो. तिथे एक म्हातारा सालगडी उभा होता. त्याने एकच विचारले, "साहेब, पंप कोणाचा होता?"

त्या पंपाने आधी टू-फोर-डी तणनाशक मारलेले होते. पंप नीट धुतलेला नव्हता आणि मी तो विचारला-पाहिला नव्हता. कपाशीला टू-फोर-डीचा अंश जरी लागला तरी ती वाकडी होते. गंमत अशी की हाच प्रश्न मला परीक्षेत आला होता आणि त्याचे मला पूर्ण गुण मिळाले होते. ज्ञान वहीत होते, हातात नव्हते. सालगड्याच्या हातात होते, पण त्याला कोणी कधी गुण दिले नाहीत. नुकसान त्या शेतकऱ्याचे झाले. मी क्षमा मागितली, पण पीक काही सरळ झाले नाही. त्या दिवसापासून शिक्षण या शब्दाकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो.

आज रात्री घरी जाऊन परीक्षा घ्या

भाषण विसरलात तरी चालेल, पण एवढे करा. आज घरी गेल्यावर नववी-दहावीतल्या पोराला किंवा पोरीला जवळ बसवा आणि चार गोष्टी विचारा.

पहिली. कीटकनाशकाची बाटली हातात द्या. त्यावर हेक्टरी ५०० मिली असे लिहिले आहे. आपला पंप १५ लिटरचा आणि एकराला पाणी २०० लिटर. पंपाला किती मिली टाकायचे? हेक्टरचे अडीच एकर धरले तर एकराला २०० मिली, लिटरला १ मिली, पंपाला १५ मिली. सारे गणित तीन ओळींचे. त्रैराशिक पोराला येते, पुस्तकातले येते. बाटली हातात दिली की येत नाही. आणि त्याच बाटलीवरच्या रंगीत त्रिकोणाचा अर्थ विचारा. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो दवाखान्यात पडले. मुंगीएवढ्या अक्षरांत सूचना छापून हात झटकणारी व्यवस्था त्याला जबाबदार होती, फवारणाऱ्याला दोष देणे हा अन्याय आहे. पण ती अक्षरे वाचून "बाबा, हे तोंड बांधल्याशिवाय मारायचे नाही" असे सांगणारे पोर घरात असते, तर काही घरे वाचली असती.

दुसरी. विहिरीवरच्या स्टार्टरपाशी उभे करा. तीन फेजपैकी एक गेली तर मोटार का जळते? अर्थिंग कशासाठी? फ्यूज गेल्यावर तिथे जाड तार गुंडाळली तर काय होते? वीज हा धडा त्याने शिकलेला असतो. पण मोटार जळाली की आपण ती काढून, गाडीत घालून, तालुक्याला रिवाइंडिंगला नेतो, तेव्हा त्या धड्याचा काही उपयोग होत नाही.

तिसरी. बँकेच्या शाखाधिकाऱ्याला एक पानी अर्ज लिहायला सांगा. पीक कर्जाच्या खात्याचा उतारा मिळावा, एवढाच विषय. तारीख, विषय, खाते क्रमांक, मागणी, सही. निबंधात वीस ओळी लिहिणारे पोर इथे अडते.

चौथी. शेळ्यांसाठी दहा बाय पंधरा फुटांचा गोठा करायचा आहे. लोखंड किती, पत्रे किती, मजुरी किती, एकूण खर्च किती, याचा अंदाज काढायला सांगा.

चारही जमले तर मला कळवा, मी तुमच्या घरी येऊन पोराचा सत्कार करीन. नाही जमले तर पोराला रागावू नका. त्याला कोणी हे करायला दिलेलेच नाही.

शहरात आता यालाच रोजगारक्षमता म्हणतात. केंद्राच्या नव्या व्यवसाय अभ्यासक्रमात नववी-दहावीसाठी तिचे पाच भाग केले आहेत: बोलणे-लिहिणे, स्वतःचे काम आखणे, संगणक, उद्योजकता आणि पर्यावरण. भाग चांगले आहेत. पण तेही पाठ करून लिहायचे झाले तर सहावे पुस्तक दप्तरात आले, एवढेच होईल. बोलणे हे गिऱ्हाइकाशी बोलून येते. वेळ पाळणे हे दुसऱ्याचे काम वेळेत देऊन येते.

मागणी नवी नाही

१८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन देताना महात्मा फुल्यांनी सांगितले होते की प्राथमिक शाळेच्या अभ्यासक्रमात शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी नई तालीम मांडली, डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने तिचा अभ्यासक्रम केला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी पोरांना कमवा आणि शिका सांगितले आणि त्या कमाईवर गरिबांची पोरे शिकली. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभव हा विषय सांगितला. आपल्यापैकी बहुतेकांनी तो शाळेत घेतलाही. काय केले त्या तासाला? कागदी फुले, खडूची पेटी, पुठ्ठ्याचे घर. निरीक्षक आले की टेबलावर मांडायचे, गेले की कपाटात. विचार मोठा होता, वेळापत्रकात येईपर्यंत त्याचा तास झाला आणि तासाची कागदी फुले झाली.

मग हे होऊच शकत नाही का? होते. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात पाबळ नावाचे दुष्काळी गाव आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेत डॉक्टरेट घेतलेले, मोठ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत काम केलेले शास्त्रज्ञ. त्यांनी १९८३ साली तिथे विज्ञान आश्रम काढला. त्यांचे म्हणणे सरळ होते. माणूस करून शिकतो, तर शाळेतही करूनच शिकू द्या. आठवी ते दहावीच्या मुलांसाठी त्यांनी मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम बांधला आणि दहावीच्या बोर्डाने तो विषय म्हणून मान्य केला. आठवड्यातला एक दिवस. चार भाग: एक, वर्कशॉप आणि बांधकाम, दोन, ऊर्जा आणि पर्यावरण, तीन, घर आणि आरोग्य, चार, शेती आणि पशुपालन. सुतारकाम, वेल्डिंग, जमीन मोजणी, वायरिंग, माती परीक्षण, रक्तातले हिमोग्लोबिन तपासणे. मुलगा-मुलगी भेद नाही, चारही भाग सगळ्यांना. शिकवायला गावातलेच हुन्नरी लोक. आणि यातली मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट अशी की पोरांनी गावाची खरी कामे करायची, त्यांचा खर्च काढायचा आणि पैसे घ्यायचे. कारण ज्या कामाचे कोणी पैसे देतो, ते काम चांगले करावे लागते. कलबाग सर २००३ साली गेले. काम चालू आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने हेच पुन्हा लिहिले आहे. आपल्या देशात १९ ते २४ वयातल्या कामकऱ्यांपैकी रीतसर व्यवसायशिक्षण घेतलेले पाच टक्क्यांहून कमी, जर्मनीत ७५ टक्के, दक्षिण कोरियात ९६ टक्के, हे आकडे त्याच धोरणात दिले आहेत. आणि २०२५ पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसायशिक्षणाची ओळख करून देऊ, असे वचनही. ती मुदत उलटली. तुमच्या गावच्या शाळेत निम्म्या पोरांच्या हातात काही अवजार आले का, ते तुम्हीच पाहा.

एका शेततळ्याचा कागद

आमच्या तालुक्यातल्या एका शाळेत आम्ही दोन वर्षे हा आठवड्यातला एक दिवस चालवून पाहिला. सोपे गेले नाही. मुख्याध्यापकांना दहावीच्या निकालाची भीती. गावातला वेल्डर पहिले दोन महिने यायलाच तयार नाही, म्हणे मी चौथी नापास, मी काय शिकवू? आणि पालक तर भांडायलाच आले. एक गृहस्थ म्हणाले, "माझी पोरगी शाळेत शिकायला पाठवली, टेप घेऊन बांधावर फिरायला नाही." पोरगी दहावीत होती. आम्ही समजूत घातली, ते धुसफुसत गेले.

चार महिन्यांनी त्यांनीच शेततळे खोदले. वीस मीटर बाय वीस मीटर, खोली तीन मीटर, बाजू पंचेचाळीस अंशांत उतरत्या. दुकानदाराने ७०० चौरस मीटर प्लास्टिक कागद लिहून दिला. पोरीने ती चिठ्ठी पाहिली आणि वही काढली. तळ १४ मीटर. उताराची लांबी? तीन मीटर खोल, तीन मीटर आत, म्हणजे काटकोन त्रिकोण. पायथागोरसाने ४.२४ मीटर. दोन्ही उतार मिळून साडेआठ. चरात गाडायला दोन्ही बाजूंना एकेक मीटर. एकूण साडेचोवीस. साडेचोवीस गुणिले साडेचोवीस, ६०० चौरस मीटर. शंभर मीटर कागद जास्त लावला होता. बाप तिला घेऊन दुकानात गेला. दुकानदाराने हिशेब पाहिला, काही बोलला नाही, चिठ्ठी बदलून दिली.

ते गृहस्थ आमच्याकडे आभार मानायला आले नाहीत, शेतकरी माणूस तसा येत नाही. पण पुढच्या वर्षी धाकट्या मुलाचे नाव घालायला आले तेव्हा त्यांनीच विचारले, "ते टेपचे काम यंदा आहे ना?" आणि पोरीचे गणिताचे गुणही घटले नाहीत. निकालाला भिणाऱ्या मुख्याध्यापकांनी हे लक्षात घ्यावे. पायथागोरस तिला फळ्यावर भेटला होता, शेततळ्यात कळला.

दोन शंका

पहिली शंका फार जुनी आणि फार खरी आहे. शहरातल्या साहेबाच्या पोराला इंग्रजी आणि बीजगणित, आणि आमच्या पोराला पुन्हा हातोडी? ही शंका घेणाऱ्याला मी नमस्कार करतो. १९५३ साली मद्रास राज्यात राजाजींच्या सरकारने प्राथमिक शाळेची वेळ कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकावा अशी योजना आणली होती. लोक खवळले. कुंभाराच्या पोराने कुंभारच व्हायचे काय, हा त्यांचा सवाल होता. राजाजी गेले आणि १९५४ साली ती योजनाही गेली. जायलाच हवी होती.

म्हणून आपली भूमिका स्पष्ट ठेवा. आपण गणित कमी करा म्हणत नाही, इंग्रजी काढा म्हणत नाही. बापाचाच धंदा पोराने शिकावा असेही म्हणत नाही. पाटलाच्या पोराने चामडे शिवावे, चर्मकाराच्या पोरीने वायरिंग करावे, मुलाने स्वयंपाकघरातला हिशेब शिकावा, मुलीने वेल्डिंगचा चष्मा घालावा. आणि हे शिकून ज्याला डॉक्टर व्हायचे आहे त्याची वाट कुठेही बंद होता कामा नये. तसेच काम शिकणे वेगळे आणि पोराला मजुरीला लावणे वेगळे. चौदा वर्षांखालच्या मुलाला मजुरीवर ठेवणे हा गुन्हा आहे, आणि शिक्षणाच्या नावाने कोणी फुकट राबवून घेईल तर संघटनेनेच त्याला अडवले पाहिजे.

दुसरी शंका आपल्यातलेच कार्यकर्ते घेतात. ते म्हणतात, शेतमालाला भाव नाही हा खरा रोग, तुम्ही कौशल्याची मलमपट्टी सांगता. सरकारलाही तेच हवे आहे. भाव मागू नका, पोराला कोर्स करा.

यात तथ्य आहे आणि ते दडवून चालणार नाही. आमच्या तालुक्यात वेल्डिंग शिकलेल्या एका तरुणाने गावात दुकान टाकले. हात चांगला, वागणे चांगले. पहिल्या वर्षी खूप काम. दुसऱ्या वर्षी कांदा पडला आणि गावाने त्याचे पैसे थकवले. फाटक नेले, पैसे सुगीला. सुगी आली, भाव आला नाही. त्याने दुकान उचलले आणि औद्योगिक वसाहतीत रोजंदारीला गेला. खेड्यातल्या कारागिराचे गिऱ्हाईक कोण? शेतकरी. शेतकऱ्याच्या खिशात पैसा नसेल तर गावात कितीही हुन्नर असला तरी तो उधारीत मरतो. म्हणून कौशल्य हा भावाला पर्याय नाही. भावाची लढाई सोडून जो कौशल्याचे गोडवे गातो तो आपली फसवणूक करतो.

पण उलटही खरे आहे. उद्या भाव मिळाला तरी सव्वातीन एकरांचे साडेदहा एकर होणार नाहीत. आणि मिळालेला पैसा गावात थांबायचा असेल तर तो घेणारे हात गावात हवेत. आज मोटार दुरुस्तीचा पैसा तालुक्याला जातो, ट्रॅक्टरचा जिल्ह्याला. सौर पंप आले, ते बंद पडले की दुरुस्त करणारा माणूस गावात नाही. २००२ च्या कायदा दुरुस्तीने शेतकऱ्यांना स्वतःची उत्पादक कंपनी काढता येऊ लागली. कंपन्या निघाल्या. पण हिशेब लिहायला, माल प्रतवारीने लावायला, व्यापाऱ्याशी पत्रव्यवहार करायला माणूस शोधायला आपण शहरात जातो. ड्रोन उडवण्याच्या परवान्याला वय अठरा आणि शिक्षण दहावी पास लागते. म्हणजे दहावी पास पोरांसाठी कामे आहेत. नुसत्या दहावी पाससाठी नाहीत, एवढेच.

करायचे काय?

ठराव करून घरी जायची आपल्याला सवय आहे. या वेळी पाच कामे घेऊन जा.

एक. गावच्या शाळेत आठवीपासून आठवड्यातला एक दिवस हाताच्या कामाचा असावा, अशी लेखी मागणी करा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंतच्या सरकारी व अनुदानित शाळेत व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. ते पालक तुम्ही आहात. सभेला जाऊन सही करून परत येऊ नका, तोंड उघडा.

दोन. गावातल्या हुन्नरी माणसांची यादी करा. सुतार, वायरमन, गवंडी, मोटार बांधणारा, कलमे बांधणारी बाई, जनावरांचे बाळंतपण जाणणारा म्हातारा. त्यांना मानधन देऊन शाळेत बोलवा. तो म्हणेल, मी चौथी नापास. त्याला सांगा, आमचे पदवीधर साहेब पंप न विचारता फवारतात.

तीन. प्रत्येक पोराची केलेल्या कामांची एक वही ठेवा. तारीख, काम, माप, खर्च, काय चुकले, कोणी तपासले. दहावीच्या गुणपत्रिकेबरोबर ही वही हातात असली तर पोरगा आयटीआयला जावो, कॉलेजला जावो की कारखान्याच्या दारात, त्याला सांगायला काहीतरी असते.

चार. आपल्या उत्पादक कंपन्या, दूध संकलन केंद्रे, अवजार दुकाने यांनी दरवर्षी सुटीत दहावी-अकरावीच्या मुलामुलींना आठ-पंधरा दिवस काम पाहायला आणि करायला घ्यावे. दुसऱ्यांच्या कंपन्यांना सांगण्याआधी आपल्यापासून सुरुवात.

पाच, आणि हे सगळ्यांत अवघड. पोराचे काम पाहायला बापाने वेळ काढावा, आणि पोरीला हातोडी धरू द्यावी. निकालाच्या दिवशी टक्के विचारतो तसे एकदा विचारावे, "यंदा काय करायला शिकलास?"

भावांनो आणि मायबहिणींनो, मी सुरुवातीला हात वर करायला सांगितले होते. जे हात खाली आले ते शेतीवर रागावून आलेले नाहीत, अनुभवाने आलेले आहेत. पोराने शेती सोडावी की धरावी हे त्याचे त्याला ठरवू द्या. पण ठरवण्यासाठी त्याच्या हातात काहीतरी असले पाहिजे. नाइलाजाने शेतीत राहणारा आणि नाइलाजाने शहरात जाणारा, दोघेही सारखेच अडलेले. आपल्या पोरांचा नाइलाज कमी करणे हेही चळवळीचेच काम आहे.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने किमान एका शाळेचे नाव आणि तिथल्या पोरांच्या पाच वह्या घेऊन यायच्या. मी त्या वाचणार आहे. कोऱ्या आणू नका.